कौसल्येची उपमा

"अवं, कशावानी तरी म्हन नं वं. पह्यले तं तू हर गोष्टीले कशावानी तरी म्हनत होती. आता काहून मुकी झाली?"

"मला आठवत नाही," कौसल्या म्हणाली आणि तिनं तव्यावरची पोळी उलटली.

विचारणारे लहानूजी मास्तर पाटावर बसून डोकं खाजवत राहिले. काल आठवीच्या वर्गात त्यांनी उपमा अलंकार काढला होता. पुस्तकातलं उदाहरण कमळासारख्या डोळ्यांचं. उपमेय, उपमान, सारं सांगून झालं, तरी वर्ग गोठ्यातल्या म्हशींसारखा नुसता पाहत राहिला. तेव्हा मास्तरांना बायकोच्या उपमा आठवल्या.

मौद्याहून लग्न होऊन आली तेव्हा कौसल्येचं बोलणं तिखट-मीठ लावलेल्या बोरासारखं होतं. माहेरी लग्न निघालं की हळदीला तिला आधी बोलावणं. गाण्यातून वरपक्षाला अशी सोलायची, की नवरदेवाचा मामा मांडव सोडून बिडी ओढायला निघून जाई. मग मास्तरांनी प्रताप नगरात खोली केली आणि हेडमास्तर वामनराव धरमपेठेतून जोडीनं चहाला आले. कप हाती देता देता कौसल्या बोलून गेली, "लय वाळले जी भाऊ तुमी, खाटेवर टाकलेल्या कारल्यावानी."

वामनराव पोट धरून हसले. त्यांची बायकोही तोंडाला पदर लावून हसली. शरमेनं मेले ते मास्तर.

दुसऱ्या दिवसापासून जेवताना शिकवणी लागली. मले नाही, मला. काहून नाही, का. आणि हे कशावानी-बिशावानी तर चारचौघांत नाहीच. ती चुकली की मास्तर हातातला घास ताटात ठेवून देत. नवरा उपाशी उठेल या धाकानं बाईनं जीभ घासूनपुसून लख्ख केली. बोलायला लागली ती पुस्तकासारखं, पण कामापुरतं. मौद्याला गेली की बहीण देवकी म्हणे, "आला वं आमच्या घरी रेडिओ." हळदीला कोणी तिला पुढे बसवेना. मग ती जाईनाच. मास्तर तेव्हा खूश होते. बायको सुधारली म्हणून शाळेत सांगतही होते.

आता त्यांनी तव्याकडे बोट केलं. "हे पोयीच पाह्य. कशावानी दिसून राह्यली?"

कौसल्येनं पोळीकडे खरंच पाहिलं. उलथनं हातात धरून, कपाळाला आठ्या घालून, पोळीची कड करपेपर्यंत पाहत राहिली.

"पोळी गोल आहे," ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "चुकलं का?"

"नाई," मास्तर म्हणाले. "बराबर हाये."

करपलेली पोळी त्यांनीच मागून घेतली, खाल्ली, सायकल काढली. वर्गात जाऊन फळा पुसला. अलंकाराचं पान ज्यानं त्यानं घरी वाचावं, असं पोरांना सांगितलं आणि समासाचा धडा काढला.