पाटल्या सांभाळ

मावशीचा डबा घेऊन दवाखान्यात गेले होते. शेजारच्या खाटेवरच्या आजींची डावी बाजू लुळी पडलेली; आजच त्यांना शुश्रूषा केंद्रात हलवायचं होतं, कायमचं. लेक त्यांच्या उजव्या हाताला साबण लावून पाटल्या काढत होती.

मुलगा म्हणाला, "ताई, जोरात ओढ. तिथल्यांनी सोनं पाहिलं तर पैसे वाढवतील. घर माझ्या नावावर झालंय, आता पाटल्या तेवढ्या सांभाळ."

आपल्याकडे माणूसही सांभाळतात आणि दागिनाही, शब्द एकच. दागिना अंथरूण ओलं करत नाही, एवढाच फरक.

पाटल्या पर्समध्ये गेल्या. हात धुतला म्हणजे आता जेवण, असं समजून आजींनी तो ओला हात माझ्या डब्याकडे पुढे केला.