सरूबाईचा ठसका

उस्मानपुऱ्यातल्या त्या बोळात उन्हाळा लागला की आधी सगळे शिंकायचे, मग खोकायचे आणि मग म्हणायचे, "सरूबाईनं मिरची भाजायला घेतली जणू." बोळ तरी केवढा! एका घरात कुकरची शिट्टी झाली की समोरच्या घरातली बाई आपला गॅस बारीक करायला उठायची. त्या बोळात सरूबाईची एकच बिनखिडकीची खोली, आणि खोलीत फरशी फोडून बसवलेलं दगडी उखळ. यंत्रावरचं तिखट बोळातल्या बायांना चालायचं नाही. यंत्रात तिखट तापतं, रंग उतरतो, चव जाते, असं त्या म्हणायच्या. खरं तर यंत्रापुढं रांगेत उभं राहायचा कंटाळा, पण ते कोण कबूल करतंय!

सरूबाई मूळची बिडकीनकडची. नवरा पुंजाराम चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कामाला होता. तो तापानं गेला तेव्हा तिच्या पदरात लेकरू नव्हतं. माहेरचा भाऊ दहाव्याला आला आणि म्हणाला, "चल घरी, पण..." त्या 'पण'च्या पुढचं ऐकायला सरूबाई थांबली नाही. आता कुठं जावं म्हणून कपड्यांचं गाठोडं घेऊन ओट्यावर बसली होती, तर शेजारची आवडाबाई आली. तिनं गाठोडं उचललं, आत नेऊन टाकलं आणि म्हणाली, "कुठं चाललीस गं? हितंच ऱ्हा. तुला तिखट लई झ्याक जमतंय. तू कांड, गिऱ्हाईक म्या आणते."

आणि आणलं की! घरोघर फिरली, सरूचं तिखट खाऊन तर बघा म्हणून बायांच्या मागं लागली. त्या तिखटावर सरूबाईचं आयुष्य निघालं. आवडाबाईचं तिखट आधी, मग बाकीच्या जगाचं, हा नियम पडला तो कायमचा. दरसाल आवडाबाई देठ खुडायला यायची. दार उघडं ठेवलं तर बोळ बोंबलायचा, म्हणून दोघी दार लावून घ्यायच्या आणि मग नुसत्या गप्पा. कुणाची सून फुगून माहेरी गेली, कुणाच्या जावयानं पुन्हा नोकरी सोडली. नाकाडोळ्यांतून पाणी, ठसक्यावर ठसका, आणि त्यात हसणं. दोघींपैकी कोण खोकतंय आणि कोण हसतंय हे बाहेरून कळायचं नाही.

मग कोरोनाचं साल आलं. बाजार बंद, रिक्षा बंद, भाजीच्या गाड्या बंद. सकाळी घडीभर दुकानं उघडायची, तेवढ्यात पोलिसाची काठी चुकवून जे हाताला लागेल ते आणायचं. रेशनचा गहू-तांदूळ होता, पण कशासंगं खायचा? दुकानातली मसाल्याची पाकिटं कधीच संपली होती. पोळीवर तिखट, तिखटावर तेल, हीच घरोघरची भाजी झाली. आणि तिखट कुठं होतं? सरूबाईकडं. होळीच्या आधी बोळानं आणून टाकलेल्या मिरच्यांचे डबे तिच्या भिंतीला लागून उभे होते.

त्या दिवसांत सरूबाईचा भाव काय विचारता! खिडकीखिडकीतून हाका. "सरूमावशी, आमचं कधी?" "मावशी, आमच्या डब्यात आता नुसता वास उरलाय." समोरच्या घरातली रईसा तर रोज विचारायची, "खाला, हमारा नंबर आया क्या?" सरूबाई मान उडवून म्हणायची, "व्हईल, व्हईल. मला काय चार हात हायेत?" मनातून मात्र तिला बरं वाटायचं. सगळं जग थांबलं होतं आणि तिचं मुसळ चालू होतं.

तशी तिला भीती नव्हती असं नाही. शेजारच्या टीव्हीचा आवाज दिवसभर कानावर यायचा, अमुक गेले, तमुक गेले, नातेवाइकांना तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही. ऐकता ऐकता तिचा हात थांबायचा. आपल्याला काही झालं तर आपलं म्हणून कोण उभं राहील? याचं उत्तर तिनं कधीच ठरवून ठेवलं होतं. बोळ उभा राहील. बोळ नाही तर आवडी तर राहीलच. एवढं मनाशी म्हटलं की मुसळ पुन्हा चालू.

पुढं मागच्या गल्लीतला एक माणूस दवाखान्यात गेला तो परत आला नाही. त्या गल्लीला पत्रे ठोकले. झालं! त्या दिवसापासून लोकांचे कान बदलले. कुणी शिंकलं की समोरची खिडकी लागायची. पाण्याच्या टँकरपाशी बाया एकमेकींकडं पाठ करून उभ्या राहायच्या. खांबावर कुणीतरी महापालिकेचा फोन नंबर चिकटवून गेलं होतं, संशयित दिसल्यास कळवा म्हणून.

अशातच आवडाबाईच्या घरचं तिखट संपलं. नियमच होता, तिचं आधी, म्हणून सरूबाईनं बाकीच्यांचं बाजूला ठेवून तिच्या मिरच्या काढल्या. आवडाबाई तोंडाला पदर बांधून आली आणि नेहमीसारखी उखळापाशी न बसता लावलेल्या दाराला टेकून बसली. तिची सून पोटुशी होती, दिवस भरत आले होते. मुलगा सांडू, त्याची रिक्षा घरापुढं धूळ खात उभी. सरूबाईला वाटलं, काळजीनं गप्प आहे बिचारी. म्हणून तिनं एकटीनंच गप्पा लावल्या. मिरची यंदा फार जहाल होती. सरूबाई खोकून खोकून वाकडी व्हायची, पदरानं नाक पुसायची आणि पुन्हा देठ खुडायला हात घालायची. "मेले मी, माय!" म्हणून हसायची. आवडाबाई हसली नाही. तिखट डब्यात भरून दिलं, तशी लगेच उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोळाच्या तोंडाशी गाडी थांबली. पांढऱ्या प्लास्टिकच्या कपड्यांतले दोघं उतरले आणि सरळ सरूबाईच्या ओट्यासमोर येऊन उभे राहिले.

"आजी, तुमची तक्रार आहे. तुम्हाला खोकला आहे म्हणून," त्यातला एक म्हणाला.

सरूबाई हसायलाच लागली. "आवं दादा, मिरचीचा ठसका हाय तो! दर उन्हाळ्यात असतोय."

"सगळे असंच काहीतरी सांगतात, आजी." माणूस वाईट नव्हता, फार दमलेला होता. "तुम्ही देठ खुडता खुडता खोकता, पदरानं नाक पुसता आणि तोच हात परत मिरचीत घालता, असं सांगितलंय फोनवर. आणि ते तिखट सगळ्या गल्लीच्या पोटात जाणार. चला, तपासणी होईपर्यंत तिकडं राहावं लागेल."

"मी येत नाय. इचारा बोळाला! ल्हान पोरगंबी सांगंल." सरूबाई ओट्यावर उभी राहिली आणि वर बघून ओरडली, "सांगा की गं यांला! गप काहून उभ्या ऱ्हायल्या?"

प्रत्येक खिडकीत माणूस होतं. जिच्या लग्नाची पंगत सरूबाईच्या तिखटावर जेवली ती होती, काल संध्याकाळी 'मावशी, आमचं कधी' विचारणारी होती. एकीनंही तोंड उघडलं नाही. समोर रईसा पुढं झाली, "अरे, वो तो मिर्ची का..." एवढंच बोलली, तोवर तिच्या नवऱ्यानं, शफीकनं, तिला दंडाला धरून आत ओढलं.

"आजी, दोन दिवसांत तुमच्याजवळ कोण कोण बसलं होतं?" त्या माणसानं विचारलं. "त्यांनाही घ्यावं लागेल."

तेव्हा सरूबाईच्या डोक्यात उजेड पडला. जी बोलेल तिला विचारणार, तुला कसं माहीत, तू जवळ होतीस का? आणि घालणार गाडीत. म्हणून या गप्प. तिनं आवडाबाईच्या खिडकीकडं पाहिलं. खिडकी वीतभर उघडी होती आणि मागं आवडाबाईचा पांढरा अंबाडा दिसत होता. नाव घेतलं असतं तर सांडू आणि त्याची अवघडलेली बायको, सगळ्यांना त्या गाडीत चढावं लागलं असतं.

"कुणीबी नाय," सरूबाई म्हणाली. "म्या एकटी बाई. माझ्याजवळ कोण बसतंय?"

"नक्की?"

"देवाशपथ."

आवडाबाईची खिडकी लागली. बरं झालं, लावून घेतली, असं सरूबाईला वाटलं. तिनं खोलीला कुलूप घातलं आणि गाडीत जाऊन बसली.

शहराबाहेरच्या एका वसतिगृहात तिला ठेवलं. खोलीत आणखी एक बाई होती, चतुराबाई नावाची, तिची आजारी जाऊ वर दुसऱ्या मजल्यावर. नाकात काडी घालून तपासायला नेलं, पण निकाल काही लवकर येईना. गंमत बघा, मिरचीपासून लांब गेल्याबरोबर सरूबाईचा खोकला बंद झाला. ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला अडवून सांगायची, "बघा, खोकते का मी? बघा की!" कुणाला वेळ होता बघायला? जेवणाच्या डब्यात मऊ भात आणि पिवळं पाणी. जन्मभर तिखट खाल्लेल्या बाईच्या घशाखाली ते उतरेना.

तिथं एकमेकींची ओळख व्हायची ती एकाच प्रश्नानं. दुपारी जेवताना चतुराबाईनं विचारलं, "तुला कुणी धरून दिलं गं?"

"काय ठाव, बाई. बोळात कुणाचंतरी डोकं फिरलं असंल." आणि सरूबाई रंगवून सांगायला लागली. तो माणूस कसा आला, कसा म्हणाला, "म्हणतो कसा, तुमी देठ खुडता खुडता खोकता, पदरानं नाक पुसता, अन् त्योच हात..."

तिचा हात भातातच राहिला.

दार तर लावलेलं होतं. खिडकी नव्हतीच त्या खोलीला. देठ खुडताना तिला पाहिलं असं जगात एकच माणूस होतं.

"काय झालं गं?" चतुराबाईनं विचारलं.

"काय नाय. खडा लागला." सरूबाईनं डबा बाजूला सारला आणि भिंतीकडं तोंड करून निजली. रडू आलं नाही. बोळ गप्प राहिला त्याचं काही नव्हतं, बोळ भित्रा आहे हे तिला माहीत होतं. पण आवडी? जिनं गाठोडं उचलून आत टाकलं, तिनंच बाहेर काढलं? तिखटाचा डबा घेऊन गेली आणि फोन केला?

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. "आजी, आठवून सांगा. खरंच कुणी जवळ आलं नव्हतं?"

आवडाबाईचं नाव अगदी जिभेवर आलं. एक नाव, बस! तिलाही कळू दे पिवळं पाणी कसं लागतं. सरूबाईनं तोंड उघडलं, मग तिच्या डोळ्यांपुढं आवडीची सून आली, कमरेवर हात ठेवून हळूहळू चालणारी. तिनं काय केलं होतं?

"कुणीबी नाय, बाई," ती म्हणाली. "कितीदा सांगू?"

निकाल निगेटिव्ह आला आणि गाडीनं तिला बोळाच्या तोंडाशी सोडलं. आणि बघते तर काय, टाळ्या! खिडक्यांतून, ओट्यांवरून, गच्चीवरून टाळ्या. कुणी ताट वाजवतंय, कुणी मोबाईलवर तिचा व्हिडिओ काढतंय. "आली, आली, आपली सरूमावशी आली!" गेली तेव्हा यांच्या जिभा कुठं गहाण होत्या, देव जाणे.

खोलीपाशी आली तर कडी-कोयंडा उखडलेला. आत भिंतीला लागून उभे असलेले सगळे डबे गायब, कांडलेले आणि न कांडलेलेही. एक बाई लांबूनच म्हणाली, "राग धरू नको, मावशी. आमचंच व्हतं ना? पोरं कोरड्या पोळ्या खाईनात." म्हणजे खोकला नको होता, तिखट हवं होतं! सरूबाईनं तिच्याकडं नुसतं पाहिलं. तिला तिच्याशी भांडायचंच नव्हतं.

भाकरीचा तुकडा घेऊन आवडाबाई आली. तिनं तो सरूबाईवरून ओवाळून लांब टाकला आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून डोळे पुसायला लागली. "वाळलीस गं, सरू."

"फोन तूच केलास ना?" सरूबाईनं विचारलं.

आवडाबाई नाही म्हणाली नाही. पदराचं टोक पिळत म्हणाली, "सून पोटुशी, सरू. रातभर डोळ्याला डोळा नव्हता. तुझं ते खोकणं डोक्यातून जाईना. ठसका हाय हे कळत व्हतं गं, पर मन म्हणायचं, यंदा ठसका नसला तर? वाटलं, तपासून सोडून देतील."

"मला इचारायचं व्हतं की. मीच गेले असते तपासायला."

आवडाबाई उखडलेला कोयंडा हातानं चाचपायला लागली.

"त्यांनी मला दोनदा इचारलं, जवळ कोण व्हतं म्हणून," सरूबाई म्हणाली. "दुसऱ्यांदा इचारलं तवा मला ठाव झालं व्हतं तू फोन केलास म्हणून. तरीबी तुझं नाव नाय घेतलं म्या. आवडे, ऐकतीस का? नाय घेतलं."

"ते ठाव व्हतं मला," आवडाबाई रडत रडत म्हणाली. "तू माझं नाव घ्यायची नाहीस, ह्याची खातरी व्हती. म्हणून तर फोन लावायची हिंमत झाली. दुसरी कुणी असती तर नसता लावला."

सरूबाईनं वाटेत काय काय जुळवून ठेवलं होतं. चार शिव्या होत्या, 'माझं थोबाड बघू नको' हे होतं, सांडूलाही दोन शब्द होते. त्यातलं एकही तोंडातून निघेना. आवडी खोटं बोलत नव्हती. खोटं बोलली असती तरी चाललं असतं. एवढ्या आयुष्यात सरूबाईला इतकं नेमकं कुणी ओळखलं नव्हतं, नवऱ्यानंसुद्धा नाही. ती कुठवर ताणली तर तुटणार नाही, हे आवडीनं आधीच बघून ठेवलं होतं.

आवडाबाई अजून काहीतरी सांगत होती. सरूबाईनं मोडक्या कडीचं दार लोटलं. ते लागेना, म्हणून आतून पाठ लावून तिथंच खाली बसली.