एका बादलीत दोघी

शहराच्या कडेला पडेगावात आम्ही दोघी खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकीण काकूंनी पहिलाच प्रश्न टाकला, "तुम्ही एकमेकींच्या कोण?" मी पटकन बोलून गेले, "मावसबहिणी." खरं तर ती पिशोरची, मी कन्नडजवळची. ओळख झाली कॉलेजच्या एसटीत. नात्याचा दूरवर संबंध नाही. पण नुसत्या मैत्रिणींना काकू खोली देत नव्हत्या. पोरी बिघडतात म्हणे! आम्ही तर बिघडूनच आलो होतो.

ते दुष्काळाचं वर्ष. गावाकडं विहिरींनी तळ दाखवला, म्हणून तर घरच्यांनी आम्हाला शहरात कामाला धाडलं होतं. दोघी एका कंपनीत पॅकिंगला होतो. आमच्या आजूबाजूला प्लॉट पाडले जात होते, नव्या इमारतींच्या भिंतींवर रोज पाणी मारलं जायचं आणि आमच्या गल्लीत टँकर यायचा आठवड्यातून एकदा. खोलीला एक ड्रम. मग आम्ही मोरीत एकदमच अंघोळीला बसायचो, एका बादलीत. बाहेर काकू भांडी घासतायत आणि आत मी तिच्या पाठीवर तांब्या ओततेय. काय सांगू, दुष्काळ आमच्या पथ्यावर पडला होता. माणसं आभाळाकडं बघून रडत होती आणि मी मनात म्हणायचे, अजून थोडं थांब रे बाबा. आज त्याची लाज वाटते. तेव्हा अजिबात वाटत नव्हती.

काकू तर गल्लीभर आमचं उदाहरण द्यायच्या. "बघा गं बायांनो, एका बादलीत दोघी उरकतात. नायतर तुमच्या पोरी!" ते ऐकून ती मोरीत तोंड दाबून हसायची.

मग मला स्थळ आलं. तालुक्यातलंच. थोरला मुलगा साखर कारखान्यात, धाकटाही लग्नाचा. दोघांचा बार एकाच मांडवात उडवायचा होता त्यांना. मी रडून रडून बेजार झाले. तीच म्हणाली, "अगं येडे, धाकट्यासाठी मला सुचव की. जातीतलीच हाय मी. जावा होऊ आपण. एक घर, एक चूल. मरेपर्यंत कोण इचारतंय?"

"आणि नवरे?"

"जातील की पाळीपाळीनं कामाला!"

किती हसलो त्या दिवशी. मी आईच्या कानावर घातलं आणि दोन्हीकडून होकार आला. घर बघून आलेल्या मामाला मी एकच विचारलं, खोल्या शेजारी शेजारी हायत का? मामाला वाटलं, पोरगी लई हौशी हाय.

आमच्याकडं स्थळाची गुपचूप चौकशी होतेच. मुलांची आत्या पडेगावला येऊन काकूंकडं बसली. तिथं काय झालं ते मला नंतर आईकडून कळलं. काकूंनी तोंड भरून कौतुक केलं. "मावसबहिणी हायत, पण सख्ख्यांच्या वर. एक अंथरूण, एक बादली. एकीवाचून दुसरी जेवत नाय." आत्यानं चहाची बशी खाली ठेवली. माझ्या आईला बहीणच नाही, हे तिनं बोलणी करताना विचारून घेतलं होतं. "मग खोटं कशापायी सांगितलं पोरींनी?" एवढंच ती म्हणाली. काकूंनी मोरीकडं बघितलं असणार. त्या दिवसापासून त्या आमच्याशी बोलल्या नाहीत.

चूक माझीच. आमच्याकडं माणूस भेटला की आधी त्याचं नातं खणून काढतात, आणि मी नेमकं नातंच खोटं सांगितलं. मैत्रिणी आहोत म्हणाले असते तर फार तर दुसरी खोली शोधावी लागली असती.

तिकडून निरोप आला. थोरल्याचा होकार कायम, दुसरी मुलगी नको. दोघी एका घरात तर नकोतच. आईनं तो ऐकला, माझ्याकडं बघितलं आणि एक शब्द न विचारता साखरपुड्याचा दिवस धरला. तिला सगळं कळलं होतं. तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी पडेगावला खोलीवर परतले, तर माझ्या मैत्रिणीचा बाप जीप घेऊन आला. ती खाली मान घालून मागं बसली. काकू दारात उभ्या होत्या, म्हणून मी तिचा हातसुद्धा धरला नाही. पुढं तिला लांब कुठंतरी दिलं एवढं कानावर आलं. मला ती हवी होती. अजून हवी आहे.

धाकट्याची बायको आली, चांगली आहे बिचारी. शेजारची खोली तिची. आता घरात नळ आहे, गच्चीवर टाकी आहे. तरी मी रोज बादली भरून घेते आणि अर्धं पाणी तसंच ठेवून उठते. सासूबाई आल्यागेल्याला कौतुकानं सांगतात, "आमच्या थोरलीनं दुष्काळ बघितलाय. अजून अर्ध्या बादलीत उरकती."