रिकाम्या चौकटीतला लाल

प्रशांतला लाल रंग दिसायचा नाही.

आणि तो डिझायनर होता. माझ्यापेक्षा चांगला. हे लिहितानाही पोटात दुखतंय.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

रामदासपेठेतल्या छोट्या स्टुडिओत आमची टेबलं शेजारीशेजारी होती. माझे डोळे ठणठणीत, मॉनिटर महागातला. तरी क्लायंटला पॅलेट, म्हणजे पाच चौकटींतली रंगसंगती, आवडायची ती त्याचीच.

एकदा भिवापूरच्या मिरची पावडरचं पाकीट करायचं होतं. पॅलेटच्या पाचही चौकटींत मी लाल भरले. गडद, फिका, विटकरी... अगदी जीव ओतला होता.

प्रशांत माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाला, "काहून गा, एकच रंग पाच वेळा टाकला? मले तर सगळं मळकटच दिसून राहिलं."

असला राग आला मला!

आणि क्लायंटनेही ती पॅलेट परत पाठवली.

मग प्रशांत बसला. काळी माती, मिरचीचं सुकलेलं देठ, गोणपाट, उन्हाने पांढरी पडलेली भिंत. असे चार रंग घेतले आणि पाचवी चौकट रिकामी ठेवली.

"लाल तू टाक. मले कुठं समजते."

मी एकच लाल टाकला. काय उठून दिसला!

क्लायंटकाका खूश. "प्रशांतभाऊले मिरची समजते."

अरे, लाल माझा होता! पण सांगणार कुणाला?

संध्याकाळी प्रशांतने हळूच विचारलं, "कसा आहे गा तो लाल?"

मी धुसफुसतच होतो. म्हटलं, "लाल म्हणजे लाल. त्यात काय सांगायचं?"

आज सकाळी त्याच्या घरी गेलो. त्याच्या फोटोशेजारी तेच पाकीट ठेवलेलं.

वहिनी म्हणाल्या, "यांनीच आणलं होतं घरी. घडीघडी मले विचारत, 'सांग ना वं, कसा आहे हा लाल?' मंग चिडून म्हणत, 'त्या साल्याले फुकटात दिसते.' भल्ले जळत तुमच्यावर, भाऊजी."

माझ्यावर?

खोटं कशाला बोलू, आधी बरं वाटलं. मग तिथेच रडू फुटलं.

शेजारी बसून दोघंही जळत होतो, आणि चहा रोज एकाच टपरीवर प्यायचो.

तुझ्या फोटोला लाल जास्वंद वाहून आलोय, प्रशांत.

कसा लाल, ते भेटल्यावर सांगतो. या वेळी नीट सांगतो.