खोकी भरून राहिलो

माझ्या पहिल्या नोकरीत मी एका बाईला कामावरून काढायला निघाले होते, आणि तेही एका क्रियापदापायी. क्रियापद तिचं बरोबर होतं. अक्कल माझी कमी पडली.

मी साताऱ्याची. व्यवस्थापनाची पदवी घेतली आणि थेट नागपुरात, धंतोलीतल्या एका ऑफिसात रुजू झाले. संत्री निवडून, पुसून, खोक्यांत भरून परदेशी पाठवण्याचा धंदा. ऑफिस शहरात, आणि पॅकिंगची शेड काटोल रोडला, बसनं पाऊण तासावर. शेडमध्ये दोन टेबलं, एकेका टेबलावर सहा बायका. पहिल्या दिवशी मला शेड दाखवली, मी मान डोलावली, आणि त्यानंतर दोन आठवडे तिकडे फिरकले नाही.

कॉलेजात आम्हाला या शास्त्राचा इतिहास शिकवला होता. पहिल्या प्रकरणात हातात घड्याळ घेऊन मजुराच्या प्रत्येक हालचालीची वेळ मोजणारे लोक होते. दुसऱ्या प्रकरणात कुणाच्या तरी ध्यानात आलं की मजुराला मनही असतं, शेजारी बसणाऱ्यांशी त्याचं नातं असतं, आणि कुणी जवळ येऊन विचारपूस केली तरी काम सुधारतं. परीक्षेत या दुसऱ्या प्रकरणावर मी सात पानं लिहिली होती. नोकरी लागल्यावर मात्र पहिलंच प्रकरण उघडून बसले, कारण त्यासाठी खुर्चीवरून उठावं लागत नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला आणि फर्मान सोडलं: दर तासाला, त्या वेळी तुमच्या टेबलावर काय चाललंय ते कळवा.

पहिल्या टेबलाच्या मुख्य बाई हिंदीत एकच ओळ टाकायच्या, "काम चालू है." सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच. दुसऱ्या टेबलाच्या बाई वयानं सगळ्यांत मोठ्या. नवऱ्यामागे याच टेबलावर त्यांनी घर ओढलं होतं, आणि शेडमधल्या निम्म्या बायकांना काम त्यांनीच शिकवलं होतं. त्या मन लावून लिहायच्या. नऊ वाजता: "जय भीम म्याडम. फळ निवडून राहिलो." दहा वाजता: "फळ पुसून राहिलो." अकरा वाजता: "खोकी भरून राहिलो."

आमच्याकडे 'बसून राहिला' म्हणजे नुसताच बसला, हलला नाही. मी सरळ अर्थ लावला. फळं निवडून झाली आणि या राहिल्या. पुसून झाली आणि पुन्हा राहिल्या. दर तासाला काम उरकून या सहाजणी हातावर हात ठेवून बसतात आणि तसं बिनधास्त कळवतातही! त्या प्रामाणिकपणाचं मला कौतुकसुद्धा वाटलं. ऑफिसात कुणाला विचारावं, असं काही मनात आलं नाही. शेजारचे सहकारी माझ्याशी हिंदीत बोलायचे, आणि शहाण्या माणसाला विचारायची गरज कुठे असते?

मग मी तक्ता केला. पहिलं टेबल पूर्ण वेळ कामात, दुसरं अर्धा वेळ रिकामं. सबब दुसऱ्या टेबलावर एक बाई जास्त. मालकांनी तक्ता पाहिला. निरोप त्यांनी वाचलेच नव्हते.

"काम नाही तं ठेवाचं कायले?" ते म्हणाले. "मोठ्या बाईले आता वजनही उचलत नाही. तिलेच थांबवा. अभ्यास तुमचा हाये, तं तुम्हीच जाऊन सांगा."

मी काटोलच्या बसमध्ये बसले. वाटभर वाक्यं जुळवत होते: 'संस्थेच्या पुनर्रचनेत', 'आपल्या योगदानाबद्दल'. पोचले तेव्हा दुपारची सुट्टी होती. सहाजणी क्रेट उलटे घालून गोल बसल्या होत्या. मोठ्या बाईंनी मला पाहिलं, डबा मांडीवरून थोडा सरकवला आणि म्हणाल्या,

"या म्याडम, बसा. आम्ही जेवून राहिलो."

मी म्हटलं, "बरं झालं, तुमचं जेवण उरकल्यावरच आले."

सहाजणी माझ्याकडे पाहू लागल्या. डबे भरलेले होते. मोठ्या बाईंच्या हातात भाकरीचा तुकडा होता, त्यावर पिठलं होतं, आणि तो तोंडाकडे निघाला होता.

"उरकलं कुठी? आत्ता तं बसलो," एक म्हणाली. "जेवूनच राहिलो ना."

जेवून राहिलो म्हणजे जेवतोय. पुसून राहिलो म्हणजे पुसतोय. दोन आठवडे दर तासाला ही बाई मला सांगत होती की आम्ही काम करतोय, काम करतोय, आणि मी त्याचाच पुरावा करून तिला घरी बसवायला आले होते.

जुळवलेली वाक्यं कुठच्या कुठे गेली. मी तिथेच एका क्रेटवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. 'राहिलो'चा मी लावलेला अर्थ, तक्ता, मालक, कशासाठी आले तेही. रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते जमलं नाही. कुणी हसलं नाही. मोठ्या बाईंनी हातातला तुकडा डब्यात ठेवला. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. तो अजून आठवतो.

मग म्हणाल्या, "काहून वं पोरी, आम्हाले इचारलं काहून नाही? येक फोन केला असता तं सांगतलं नसतं का?"

माझी सात पानं या एका प्रश्नात बसत होती. आणि तोवर मी म्याडम होते. इथं 'वं' आपल्या माणसातल्या बाईला लावतात, एवढं मला कळत होतं. रागावताना त्यांनी मला आपलं म्हटलं होतं, त्यामुळे जास्तच लाज वाटली.

तिथूनच मालकांना फोन लावला आणि चूक कबूल केली. ते इतके हसले की फोन कानापासून लांब धरावा लागला. "आमचीच बोली, अन् आमच्याच बाईले काढून राहिल्या होत्या तुम्ही!" मग आवाज उतरला. "मीबी निरोप वाचाले पाहिजे होते. राहू द्या तिले तिच्या टेबलावर."

मी ते मोठ्यानं सांगितलं. मोठ्या बाईंनी पदरानं तोंड पुसलं, अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "खाय आधी."

तासातासाचे निरोप मी त्याच दिवशी बंद केले. त्याऐवजी आठवड्यातून तीनदा बसनं शेडवर जाऊ लागले. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता तरीही ग्रुपवर निरोप आला. "जय भीम वं पोरी. फळ निवडून राहिलो. तू काय करून राहिली?"

त्या ग्रुपवर मला कुणी प्रश्न विचारण्याची ती पहिलीच वेळ. मी थोडा विचार केला आणि लिहिलं, "शिकून राहिली."

लगेच उत्तर आलं. "पुण्यावालं राहिली का नागपूरवालं?"

मी साताऱ्याची, हे सांगत बसले नाही. लिहिलं, "नागपूरवालं."