करपलेला टॉवेल

थंडीत बाथरूममधला हीटर पहिल्यांदा लावला की धूळ जळाल्याचा वास सुटतो आणि मला बाबा आठवतात. तेव्हा एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रातून ते नुकतेच निवृत्त झाले होते. वयामुळे नाशिकची थंडी त्यांना सोसेना, म्हणून हवा तापवणारा हा छोटा हीटर मीच भिंतीवर बसवला. एका सकाळी त्यावर टाकलेला टॉवेल करपला. “बाबा, घर पेटवाल एक दिवस! काही कळतं का तुम्हाला?” मी ओरडलो. बॉयलरवर तीस वर्षं काढलेला तो माणूस एवढंच म्हणाला, “बरं, नाही लावत.” नंतर शेवटपर्यंत त्यांनी त्या बटणाला हात लावला नाही, गारठ्यातच अंघोळ केली. टॉवेल माझा होता, मला गरम मिळावा म्हणूनच त्यांनी तो तिथे टाकला होता, हे मला ओरडतानाही कळत होतं. आता हीटर मी लावतो. टॉवेल मात्र गारच अंगाला घेतो.