लगाम धरलेला हात

वसंतमामा गेल्याचा मामींचा फोन आला, तेव्हा मी मनमाड स्टेशनवर गाडीची वाट पाहत होते. रडू नंतर आलं. आधी मनात आलं, आता त्या हाताचा शोध कोण घेणार?

हा हात नाशिक रोडला, मामांच्या बैठकीतल्या एका जुन्या फोटोत आहे. इंग्रजांच्या काळात इकडच्या रेल्वेतल्या, व्यापारातल्या गोऱ्या साहेबांनी हौसेनं एक स्वयंसेवी घोडदळ उभं केलं होतं. बंदूक सरकारची, घोडा मात्र ज्याचा त्यानं आणायचा. मामा रेल्वेतून निवृत्त झाले आणि या घोडदळाच्या इतिहासामागे हात धुऊन लागले. "साहेबानं घोडा आणला म्हणे! अगं, साहेब क्लबात जेवायचा. दाणा, खरारा, मालिश कोण करायचं? मोतद्दार! कवायतीला साहेब घोड्यावर आणि हा बिचारा मागं धावतोय." मामांचे पणजोबा अशाच मोतद्दारांपैकी एक.

फोटोखाली साहेबांची नावं छापलीत. घोड्यांचीसुद्धा! मोतद्दार सगळे चौकटीबाहेर. एका लगामावर तेवढा एक सावळा हात आलाय. मी एकदा विचारलं, "मामा, हा पणजोबांचाच कशावरून?" मला वाटलं, आता चिडतील. पण ते शांतपणे म्हणाले, "नसेलही. पण घोडा बघ, कान कसे सैल सोडून उभाय... भरवशाचा हात आहे तो. कुणाचाही असो, नाव मिळायला हवं."

त्या एका नावासाठी हा माणूस दुखऱ्या गुडघ्यांनी एसटीतून खेडोपाडी हिंडला. "दळण आणा म्हटलं की यांची कंबर धरते!" मामी वैतागायच्या. म्हाताऱ्यांच्या ओट्यावर बसून मामा विचारत राहायचे, तुमच्या आजोबांनी कुणाचा घोडा सांभाळला? बरीच नावं मिळाली, पण तो हात कुणाचा ते कुणालाच सांगता येईना. मोतद्दारांवर ते लिहीत असलेलं पुस्तक तिथंच अडलं.

"एवढं एक नाव सोडून छापा की," मी म्हणायचे.

"मग माझ्यात आणि त्या फोटो काढणाऱ्यात फरक काय?"

अशी चिकाटी मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही, आणि अजून तिचं नवल ओसरत नाही. कुठलीही वरात दिसली की मामा नवरदेवाच्या आधी घोडीवाल्याचं नाव विचारायचे. आम्ही पोरी लाजेनं अर्धमेल्या व्हायचो.

परवा मैत्रिणीच्या मुलाची वरात निघाली. फोटोग्राफर घोडीवाल्याला म्हणाला, "ओ, तुम्ही जरा बाजूला व्हा."

"राहू द्या त्यांना," मी पुढं होऊन म्हटलं. "दादा, नाव काय तुमचं?"

तो दचकला. "का ताई? काय चुकलं का माझं?"

"नाही हो. फोटोत येताय, मग नाव नको?"

त्यानं टोपी नीट केली, लगाम दुसऱ्या हातात घेतला आणि सांगितलं, "रामदास किसन गांगुर्डे." मागं घोडी कान सैल सोडून उभी होती.